गाठीची कड

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन पेशंटला सांगते, "दीर्घ श्वास घ्या आणि त्याच श्वासात एकपासून मोठ्यानं मोजत जा." मावशी एकवीसवर थांबल्या. आकडा मी केसपेपरवर लिहिला. छातीतल्या थायमस ग्रंथीत थायमोमा नावाची गाठ असलेल्या साधारण एक तृतीयांश पेशंटांना मायस्थेनिया असतो. त्यांचे स्नायू लवकर थकतात, श्वासाचेसुद्धा. भूल देणारीला हा आकडा माहीत असायलाच हवा.

मावशींची गाठ तिसऱ्या टप्प्यातली होती, म्हणजे आवरण फोडून शेजारच्या अवयवांत शिरलेली. हे टप्पे जपानच्या अकिरा मासाओका यांनी १९८१ साली मांडले, आजही तेच बोलण्यात असतात. आधी केमो देऊन गाठ थोडी आक्रसवली होती.

सकाळी एक जाड नळी मी मुद्दाम मांडीच्या शिरेत घातली. छातीतली वरची महाशीर चिमट्यात धरायची वेळ आली, तर हातातून चढवलेलं रक्त हृदयापर्यंत पोचत नाही. छातीच्या हाडावर करवत लागताना मी काही सेकंद व्हेंटिलेटर थांबवला, फुप्फुस पात्याखाली येऊ नये म्हणून.

गाठ दिसायला कणकेच्या गोळ्यासारखी, पण कडक. हृदयाच्या आवरणावरून श्वासपटलाकडे दोन्ही बाजूंनी एकेक पांढुरकी नस उतरते, जाड दोऱ्याएवढी. उजवी मोकळी होती. डावी गाठीत शिरली आणि दिसेनाशी झाली. सर्जनचा हात थांबला. ती कापली तर डावं श्वासपटल लुळं पडणार. वाचवायची तर गाठीचा अंश तिथेच राहण्याची भीती.

"मॅडम, मावशी किती मोजत होत्या?"

"एकवीस, सर."

त्यांनी नस कापली. पाठोपाठ हृदयाच्या आवरणाचा तुकडा, डाव्या फुप्फुसाची किनार आणि एक मोठी शीर, सगळं गाठीसकट एकसंध बाहेर आलं. जिथे ती घट्ट चिकटली होती तिथे धातूच्या बारीक क्लिपा ठेवल्या. पुढे रेडिएशन देणाऱ्याला नेम धरायला त्या उपयोगी पडतात.

एवढा अट्टाहास कशासाठी? २००३ साली जपानमधल्या ११५ संस्थांची आकडेवारी एकत्र छापली गेली. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या थायमोमात गाठ पूर्ण निघालेल्यांपैकी ९३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. अर्धवट निघालेल्यांत ६४, तर ऑपरेशनच शक्य नसलेल्यांत ३६ टक्के. थायमसच्या कार्सिनोमात मात्र पूर्ण काढूनही ६७. पूर्ण निघणारी गाठ मुळात कमी पसरलेली असू शकते, हेही खरं. तरी माझं मत पक्कं आहे: निघण्यासारखी असेल तर ती पूर्णच काढावी.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली. मावशी अकरापर्यंत मोजू शकल्या, घरी जाताना चौदा. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या कडेला शाई लावून त्या शाईपर्यंत पेशी पोचल्यात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्ट आला: कड मोकळी. मी तो दोनदा वाचला.

ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते, बहुधा फुप्फुसाच्या आवरणावर, आणि वेळेत दिसली तर बऱ्याचदा पुन्हा काढता येते. तुमच्या घरात असा पेशंट असेल तर त्याला बरं वाटतंय म्हणून सीटी स्कॅनची तारीख चुकवू नका. मायस्थेनिया असेल तर साध्या तापासाठी गेलात तरी डॉक्टरांना आधी तेच सांगा. काही अँटिबायोटिक्सनीसुद्धा श्वास अडतो.