वर कोमट, खाली गार

हिवाळ्यात फजरच्या नमाजसाठी वुजू करताना गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला बोचते. विहिरीतून नुकतेच शेंदलेले पाणी मात्र कोमट लागते. टाकीतले थोडेसे पाणी एका रात्रीत गारठते. विहिरीला जमिनीची ऊब असते. तलावाचे मात्र वेगळेच. मालेगावकरांनी ते समजून घ्यायला हवे, कारण आपल्या नळाचे पाणी गिरणा धरणातून आणि चणकापूर धरणाच्या आवर्तनावर भरणाऱ्या तळवाडे साठवण तलावातून येते.

पाणी हळू तापते आणि हळू निवते. एक किलो हवा एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारे चौपट एक किलो पाण्याला लागते. म्हणून हवेत दुपारी आणि पहाटे मोठा फरक पडला, तरी तलावात तो थोडाच जाणवतो.

मे महिन्यात मालेगावचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाची बहुतेक उष्णता पाण्याचा वरचा थरच शोषतो. गरम पाणी हलके, ते वर राहते. गार पाणी जड, ते तळाशी बसते. वारा वरचे पाणी ढवळतो, पण त्याचा जोर खोलवर पोहोचत नाही. उथळ तलाव मात्र तळापर्यंत तापतो. त्यात उन्हाळ्यात साठा घटला की उरलेले पाणी आणखी लवकर तापते. माठ पाझरून गार होतो, तशीच तलावाचीही थोडी उष्णता वाफेबरोबर निघून जाते.

पावसाळ्यात ढग ऊन अडवतात आणि नदीचे गढूळ, गार पाणी आत शिरते. हिवाळ्यात निरभ्र रात्री वरचे पाणी निवते, जड होते आणि खाली उतरते. मग वरखालचे पाणी एकमेकांत मिसळते. तळाचे कुजके, प्राणवायू कमी असलेले पाणी वर आले, तर मासळी मरू शकते. नळाच्या पाण्यालाही कधी वास येतो. अशा वेळी पाणी गाळून, उकळून प्यावे आणि महापालिकेला कळवावे.

पण जिवाशी गाठ आहे ती उन्हाळ्यात. सुट्टीत मुले धरणावर जातात. काठाशी पाय बुडवला की पाणी कोमट लागते आणि भीती मोडते. दोन पावले पुढे तळ एकदम खोल असू शकतो. तिथले गार पाणी अचानक अंगाला लागले, तर श्वास अडखळू शकतो. काठचे पाणी खोलीचा पत्ता देत नाही.

म्हणून मोठ्या माणसाशिवाय मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. कुणी बुडत असेल, तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी टाकू नये. ओढणी, दोर, काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा आणि ओरडून मदत बोलवावी. सुट्टी लागण्याआधी एवढे घरात प्रत्येकाला सांगून ठेवा.