आपली चाल परक्या वादकांच्या हातीं

सायंकाळीं ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथें गाडींतून उतरून घराकडे चालूं लागलें, कीं एखाद्या माडीवरून पेटीचे सूर आणि त्यांवर पलटे घोटणाऱ्या मुलीचा आवाज कानीं येतोच. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा आमच्या घरांस नवीन नाहींत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या मुलें चढतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागतें आणि बहुधा तेथेंच सर्व थांबतें. यांतलाच एखादा मुलगा उद्यां स्वतः रचना करूं लागला, आणि ती परदेशांतील एखाद्या आधुनिक वाद्यवृंदानें वाजवावी असें त्याच्या मनानें घेतलें, तर? वडील मंडळी प्रथम विचारतील, "यानें पोट भरेल काय?" प्रश्न वाजवी आहे. पण त्याच्याहि आधींचा एक प्रश्न आहे: आपण समोर नसतांना दुसऱ्यास वाजवितां येईल अशी आपली चाल लिहितां येते काय?

या प्रश्नाशीं झगडलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. फिलिप ग्लास हा अमेरिकन तरुण १९६४ पासून पॅरिस येथें नादिया बुलांजे या विख्यात शिक्षिकेजवळ रचनाशास्त्र शिकत होता. आमच्या मुंबईचे वनराज भाटिया हेहि याच बाईंजवळ शिकून १९५९ सालीं परतले होते. पुढें १९६५-६६ च्या सुमारास पंडित रविशंकर 'चापाक्वा' नांवाच्या चित्रपटाचें संगीत पॅरिसमध्यें करीत होते. वादक सारे तिकडचे. त्यांच्यापुढें कागद हवाच. रविशंकरांनीं सांगावें आणि ग्लासनें तें युरोपीय लिपींत उतरून घ्यावें, असें ठरलें. तबल्यावर होते मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ. वादक वाजवूं लागले कीं ते म्हणत, असें नव्हे. सर्व स्वर सारखेच आहेत. ग्लास कागदावरील उभ्या रेघा इकडच्या तिकडे सरकवून पाही, पण चूक तशीच राही. शेवटीं त्यानें त्या रेघा अजीबात पुसून टाकल्या. तेव्हां कोठें ताल जुळला.

यांतील मर्म समजून घेतलें पाहिजे. युरोपीय लिपींत पांच आडव्या ओळींवर स्वर मांडून ठराविक मात्रांनंतर एक उभी रेघ ओढतात, आणि रेघेनंतरच्या पहिल्या मात्रेवर वादक संवयीनें जोर देतो. आपल्या त्रितालाच्या सोळा मात्रांचेहि चार विभाग आहेत. पण ते टाळी व खाली दाखविण्यापुरते. नववी मात्रा तर खालीची. रूपकाचें उदाहरण याहून बोलकें आहे. त्याच्या सात मात्रा तीन, दोन, दोन अशा विभागल्या असून त्याची समच खालीवर येते. रूपकांतील चाल कोणी भोळेपणानें रेघा मारून परदेशीं धाडली, तर जेथें हात हलका पडावा नेमका तेथेंच वादक आघात करील! शिवाय आपला षड्ज गाणाराच्या गळ्याप्रमाणें काळी एक किंवा पांढरी चार होतो. तेथें प्रत्येक स्वराची उंची कागदावरच ठरलेली. मींडेची तर गोष्टच निराळी.

पंडित भातखंडे (१८६०-१९३६) यांनीं आपणांस सुटसुटीत स्वरलिपि दिली. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. परंतु ती राग जाणणाऱ्यासाठीं आहे. परक्यासाठीं लिहावयाचें, तर जें आपण न सांगतां समजतों तेंहि सांगावें लागतें. आणि तसें सांगूं लागलें म्हणजे आपलें गाणें आपणांसच नव्यानें कळतें. लिहिलेलें गाणें म्हणजे गाणें नव्हे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण पंचांगांत चंद्र नसतो म्हणून पंचांग कोणी टाकून देत नाहीं.

ग्लास यांनीं पुढें १९६८ सालीं न्यूयॉर्क येथें स्वतःचा वाद्यवृंद उभारला. गांधीजींवरील त्यांची 'सत्याग्रह' ही संगीतिका १९८० सालीं रॉटरडॅम येथें झाली. तींत भगवद्गीतेंतील वचनें संस्कृतांतच गातात. १९९० मध्यें 'पॅसेजेस' या ध्वनिमुद्रिकेंत रविशंकर आणि ग्लास यांनीं एकमेकांच्या सुरावटींवर रचना केल्या. लिहून घेणारा विद्यार्थी असा बरोबरीचा सहकारी झाला. इकडे मुंबईस राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रांत २००६ पासून सिंफनी वाद्यवृंद आहे. अल्लारखाँ यांचे चिरंजीव झाकिर हुसेन यांची तबला व वाद्यवृंद यांसाठीं रचलेली 'पेशकार' ही कृति २०१५ सालीं त्यानेंच प्रथम वाजविली. ती विद्या पाहावयास डोंबिवलीच्या मुलास आगबोट नको, लोकलगाडी पुरे.

पोट भरेलच असें आश्वासन आम्ही देत नाहीं. मात्र मुलास दोन्ही लिप्या शिकवाव्या, आणि आरंभ घरांतूनच करावा. आजीच्या तोंडची मंगळागौरीची एखादी चाल, जात्यावरची एक ओवी त्यानें आधीं ध्वनिमुद्रित करावी, मग कागदावर मांडावी, आणि ती चाल न ऐकलेल्या कोणाकडून कागद पाहून वाजवून घ्यावी. जेथें चुकेल, तेथें दोष वाजविणाराचा न मानतां लेखनाचा मानून पुन्हां लिहावें. परदेशचा वाद्यवृंद लाभो न लाभो, आजीची चाल तिच्याबरोबर जाणार नाहीं, हा लाभ कांहीं थोडाथोडका नव्हे.