शेगडीच्या तळाशी उरलेलं शेत

जामखेडला मावशीच्या घराच्या पडवीत दोन आगी शेजारी-शेजारी नांदतात. कोपऱ्यात मातीची वैलाची चूल, ती भाकरीसाठी. तिच्या बाजूला पत्र्याची, पंखा लावलेली पेलेटची शेगडी, ती चहा, डाळ-भात आणि अंघोळीच्या पाण्यासाठी. मागच्या थंडीत पहाटे तिथं बसलो होतो. मावशीनं शेगडीच्या तळाची बिडाची जाळी काढली, फरशीच्या तुकड्यावर हलकेच ठोकली आणि पडलेल्या राखेतून करंगळीच्या पेराएवढा एक खडा चिमट्यानं बाजूला ठेवला. गार झाल्यावर मी तो हातावर घेतला. काळा-हिरवट रंग, कडेला काचेसारखी चकाकी, आत बुडबुड्यांची बारीक भोकं.

"खंगर आहे," मावशी म्हणाली. "नवं पोतं उघडलं ना, त्याचा गुण."

वीटभट्टीत जास्त भाजून वितळलेल्या विटेला खंगर म्हणतात. पण इथं वीट नव्हती, माती नव्हती. भुसा, शेंगांची टरफलं, काडीकचरा दळून प्रचंड दाबाखाली भोकांतून काढलेल्या त्या साध्या कांड्या, म्हणजेच पेलेट. त्यात डिंकसुद्धा घालावा लागत नाही, वनस्पतीतलंच लिग्निन तापून मऊ होतं आणि भुशाला धरून ठेवतं. अशा कांड्यांतून दगड निघाला कसा?

त्याचं उत्तर शेतात आहे. झाड वाढतं ते मातीतून, असं आपल्याला वाटतं. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या फ्लेमिश वैद्यानं तोलून ठेवलेल्या मातीत वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती मात्र दोनेक औंसांनीच घटली. झाड पाण्याचंच झालं, असं त्याला वाटलं. खरं तर झाडाच्या कोरड्या वजनातला कार्बन हवेतून आलेला असतो. जाळलं की हवेचं हवेला परत जातं, पाण्याची वाफ होते. मागं उरतं ते फक्त मुळांनी मातीतून उचललेलं: कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, सिलिका. तीच राख. शेगडीचा तळ साफ करताना आपण जे खरवडतो, ते कुठल्यातरी शेताची उचल असते.

म्हणून राख किती पडेल हे शेगडीपेक्षा सरपणावर ठरतं. साल नसलेल्या चांगल्या लाकडाच्या किलोभर पेलेटमागे ५ ते ७ ग्रॅमच राख उरते, चिमूटभर म्हणावी इतकी. ज्वारीच्या धाटांसारख्या पिकाच्या अवशेषांतून ५० ग्रॅमच्या आसपास. भाताच्या तुसातून तर किलोमागे २०० ग्रॅमपर्यंत. गोवरीचं विचारूच नका, तिच्यात शेणाबरोबर अंगणातली मातीही थापलेली असते.

आता खंगराकडे येऊ. ज्वारीच्या पानाची कड बोट कापते, हे ज्यानं कडबा बांधलाय त्याला सांगायला नको. गवतवर्गातली पिकं पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतात आणि पेशींत साठवतात. तिचे सूक्ष्म कण पान जळालं तरी आकार सोडत नाहीत. हजारो वर्षांपूर्वीच्या चुलींच्या राखेतून असे कण शोधून पुरातत्त्वाचे अभ्यासक तिथं कुठलं गवत, कुठलं धान्य जळलं ते ओळखतात. एकटी सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सियस लागतात, तेवढं तापमान शेगडीत येत नाही. पण धाटात पोटॅशियमही भरपूर असतं. सोनार डाग देताना टाकणखार घालतो आणि धातूवरचा मळ विरघळून वाहू लागतो, तसंच पोटॅशियम सिलिकेला लवकर पाघळवतं. दोघं एकत्र आले की ७५० ते ८०० अंशांच्या आसपासच वितळायला सुरुवात होते. वाळू आणि राख एकत्र तापवणं ही काच करण्याची जुनी रीत आहे. माझ्या हातावरचा खडा म्हणजे अर्धीकच्ची काचच होती, मावशीच्या स्वयंपाकघरात, चहा उकळता उकळता तयार झालेली.

तो जाळीवरच का धरतो, हे कळायला शेगडीत डोकवावं लागतं. या जातीच्या शेगड्यांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुष्कळ काम झालं. तिथल्या रचनेवरची 'ऊर्जा' शेगडी बीपी कंपनीनं बाजारात आणली, पुढं ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेली, आणि तशा चार लाखांवर शेगड्या विकल्या गेल्या. रचना अशी: पेलेट भरायचे, पेटवायचे मात्र वरून. पंख्याची थोडी हवा तळाच्या जाळीतून येते, बाकीची वरच्या भोकांच्या कड्यातून. आग वरून खाली सरकत जाते, पेलेटमधून निघालेला वायू वरच्या कड्यापाशी जळतो, म्हणून धूर जवळजवळ दिसत नाही. शेवटी आग जाळीला टेकते आणि उरलेला कोळसा जळू लागतो. तेव्हा खालून येणारी हवा थेट लाल निखाऱ्यावर, भात्यासारखी. तिथं तापमान सगळ्यांत जास्त, राखही तिथंच गोळा झालेली. खंगर धरतो तो या घटकेला.

मावशीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ज्वाळा बसून निखारे उरले की ती पंखा मंद करते. खंगर निम्म्यानं कमी होतो, असा तिचा अनुभव. जाळी ती प्रत्येक भरणीनंतर गार झाल्यावर झटकते, बुजलेली भोकं तारेनं मोकळी करते आणि आठवड्यातून एकदा जाळीखालची, पंख्याच्या वाटेतली भुकटी कोरड्या कुंच्यानं काढते. पाणी कधीच नाही. तापल्या बिडावर पाणी पडलं तर ते तडकतं, आणि ओल्या राखेचा क्षार पत्रा खातो.

राखेचा रंगही ती बघते. भुरी, हलकी राख म्हणजे जळण पुरतं जळलं. काळी, जड राख म्हणजे कोळसा शिल्लक राहिला, हवा कमी पडतेय, भोकं तपासा. तुसाची राख तेवढी याला अपवाद, ती बरी जळूनही काळपट राहू शकते.

ही राख टाकून देण्याची गोष्ट नाही. खरकट्या तेलकट कढईवर ती चोळली की तिचा क्षार तेलाशी मिळून चक्क साबण होतो, आणि सिलिकेचे कण घासणीचं काम करतात. पोटॅशियम या मूलद्रव्याचं नावही राखेवरूनच पडलं: युरोपात राखेचं पाणी भांड्यात आटवून जो क्षार मिळे त्याला पोटॅश म्हणत, आणि १८०७ साली हम्फ्री डेव्हीनं पोटॅशमधून वीज सोडून हा धातू वेगळा केला. शेतात मात्र हात राखून टाकावी. बालाघाटाच्या या पट्ट्यातली काळी जमीन मुळात चुनखडीची, अल्कधर्मी. राख त्याहून अल्कधर्मी. थोडी थोडी उकिरड्यात मिसळलेली बरी. युरियात तर कधीच मिसळू नये, नत्राचा अमोनिया होऊन उडून जातो, नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याचाच.

राखेचा सगळ्यांत मोठा गुण आपल्या भाषेला फार पूर्वीच कळलाय. राख आणि राखण या दोन शब्दांचं मूळ एकच, रक्षा. राखेच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळं ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. काडेपेटी जपून वापरायच्या दिवसांत आजी रात्री निखारा राखेत पुरायची आणि पहाटे उकरून फुंकणीनं फुलवायची. आग राखायची ती राख. पण हाच गुण उलटतोही. वरून पांढरी, गार दिसणारी राख आत कितीतरी तास धगधगत असते. अशा राखेला आपल्याकडे फुफाटा म्हणतात, आणि आगीतून उठून फुफाट्यात पडल्याची म्हण उगाच झालेली नाही.

तेव्हा शेगडीची राख प्लॅस्टिकच्या घमेल्यात काढू नका, केरात टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, डबा फरशीवर ठेवा, आणि निदान एक अख्खा दिवस-रात्र गेल्याशिवाय ती कडब्याच्या गंजीच्या वाऱ्यालाही नेऊ नका.