पाड्यावरचा मानसेवी डॉक्टर

जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस येतो तो बहुधा आजार अंगावर काढून झाल्यावर. पाड्यावरून चालत यायचं, वाटेत ओहोळ, दिवसाची मजुरी बुडणार. त्यापेक्षा भगत जवळचा. म्हणून डॉक्टरनेच पाड्यावर जायचं असं शासनाने ठरवलं आणि त्याला नाव दिलं भरारी पथक. नावावरून परीक्षेतल्या कॉप्या पकडणारेच आधी आठवतात. इथे पथक म्हणजे एक गाडी, औषधांची पेटी, सोबत सिस्टर आणि एक मानसेवी वैद्यकीय अधिकारी, बहुतेक वेळा बीएएमएस झालेला तरुण.

ही व्यवस्था कुणाला सहज सुचलेली नाही. 1992-93 मध्ये याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि राज्य हादरलं. 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली; पथकं त्याच योजनेतली. पुढे 16 आदिवासी जिल्ह्यांत मिळून 281 डॉक्टर या कामावर होते.

आठवड्याचा दौरा आधी ठरलेला असतो: आज हा पाडा, उद्या ती अंगणवाडी, मधे आश्रमशाळा. अंगणवाडीत पोरं रांगेत बसलेली. काट्याच्या झोळीत घातलं की पोर किंचाळतं. वजन, उंची झाली की डाव्या दंडाला रंगीत पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंडघेर भरला की पट्टीचा लाल भाग दिसतो, म्हणजे मूल सॅम, अतितीव्र कुपोषित. इथपर्यंतचं काम पाच मिनिटांचं. खरा वेळ जातो त्यानंतर, आईशी बोलण्यात. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पोराला घेऊन राहायला हवं, दोन आठवडे तरी. ती म्हणते, ‘‘डॉक्टर, लावणी कोन करील? घरची दोन पोरा कोन सांभाळील?’’ बुडीत मजुरी मिळते हे सांगून झालं, आशाताईंनी समजावून झालं, शेवटी सासूला गाठावं लागतं. सासू हो म्हणाली तर गाडी लगेच काढायची. उद्यावर ढकललं की बेत फिरतो.

आश्रमशाळेत खरूज. एका पोराला मलम देऊन भागत नाही. सगळ्या खोलीला एकाच दिवशी लावायचं, चादरी उकळायच्या, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पावसाळ्यात गाडी ओढ्यापाशी थांबते आणि पेटी खांद्यावर येते. दिवाळीनंतर मात्र पाडेच रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि श्रावणात वजन वाढू लागलेलं पोर यादीतून निसटतं. पावसाआधी ते परततं तेव्हा काटा बरेचदा मागे गेलेला असतो. माझ्या मते पथकाची सगळ्यात मोठी अडचण हीच. रस्ते वगैरे त्यानंतर.

संध्याकाळी अहवाल. सॅम किती, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित किती, गरोदर माता किती, जोखमीच्या किती, नाशिकला पाठवलेल्या किती.

    हे सगळं करणाऱ्या डॉक्टरचा आदेश मात्र मुदतीचाच, फक्त तो पुन्हापुन्हा निघत राहतो. पंचविशीत आलेला माणूस चाळिशी ओलांडली तरी कागदावर तात्पुरताच. मानधन बराच काळ 24 हजारांवर अडकलेलं होतं. आंदोलनं, निवेदनं झाल्यावर 2021 मध्ये ते 40 हजार झालं. तात्पुरत्या माणसांवर कायमचं काम चालवायची ही सरकारी रीत मला तरी उमगलेली नाही.

आरोग्य केंद्रात बंधपत्रावर आलेला एमबीबीएस वर्ष भरून पदव्युत्तर अभ्यासाला निघून जातो, ते त्याच्या जागी ठीकच. त्याच्या जागी नवा रुजू झाला, की कुठल्या पाड्यात कोण आठव्या महिन्यात आहे, कुणाचं आधीचं बाळंतपण अडलं होतं, कुठलं कुटुंब अजून भट्टीवरून आलेलं नाही, हे तो मानसेवी डॉक्टरलाच विचारतो.