काळ्या मातीतलं रंगीत मडगार्ड

मृगाचे दोन पाऊस झाले की यवतमाळ जिल्ह्यात मोटारसायकलींची पुढची मडगार्डं निघायला लागतात. कुणी पाना घेऊन घरीच काढतो, कुणी गावातल्या मिस्त्रीकडून ते चार बोटं वर चढवून घेतो. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटतं. चिखल सुरू झाला आणि चिखलापासून वाचवणारी वस्तूच काढून ठेवायची? पण पांदणीनं वावरात जाणाऱ्याला विचारा. इथली माती भिजली की टायरला धरते, टायरबरोबर वर चढते, टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या बोटभर फटीत जाऊन बसते आणि चाक जाम होतं. मग गाडी स्टँडवर लावायची, धुऱ्यावरची पऱ्हाटी मोडून तिनं गारा उकरायचा, गाडी थोडी ढकलायची आणि पुन्हा उकरायला बसायचं.

अशा मुलखात चारचाकीला मडगार्ड लावायचं, तेही गाडीच्या रंगाशी जुळवून रंगवलेलं, हा विचार आला की आधी या मातीची ओळख करून घ्यावी लागते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही काळी माती, म्हणजे रेगूर, तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. या चिकणमातीचे थर अतिशय पातळ असतात आणि पाणी थेट त्या थरांच्या मध्ये शिरतं. त्यामुळे माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणावर इथला कोरडवाहू कापूस उभा आहे. रस्त्याच्या मुळावर येतो तोही हाच गुण. खालची जमीन दरवर्षी वरखाली होते, डांबर तडकतं, कडा ढासळतात, तडकलेल्या जागी गिट्टी सुटी होते. म्हणजे चाकाखाली चिखल आणि खडी दोन्ही एकत्र. जिल्ह्यात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाच्या मानानं तो काहीच नाही, पण कोकणातला जांभा पाणी पिऊन मोकळा होतो, आमची माती ते धरून बसते.

बंडीला मडगार्ड नव्हतं आणि कधी लागलंही नाही. बैलाच्या चालीनं फिरणाऱ्या उंच चाकावरचा चिखल आपल्याच वजनानं खाली गळून पडतो. मडगार्डाची गरज रबरी टायर आणि वेग यांच्यासोबत आली. गाडी ताशी ६० किलोमीटरनं जात असेल तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर जागच्या जागी असतो आणि माथ्याचा भाग रस्त्याच्या मानानं १२० च्या वेगानं पुढे जात असतो. टायरला चिकटलेला गोळा किंवा खाचेत अडकलेला खडा सुटतो तो चाकाच्या स्पर्शरेषेत, सरळ. पुढच्या चाकामागून सुटलेला खडा दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर बसतो, मागच्या चाकाचा बंपरवर किंवा मागून येणाऱ्याच्या काचेवर. मडगार्डाचं काम एवढंच, की या सरळ रेषेत आडवं उभं राहायचं आणि मार खायचा.

रंगवलेलं मडगार्ड या जिल्ह्यात मिरवलं ते ट्रॅक्टरनं. त्याच्या मोठ्या चाकांवरची ती रुंद पत्र्याची कमान म्हणजे खरं तर चालकाच्या अंगावर चिखल येऊ नये म्हणून केलेली सोय. गावानं तिचं बाक केलं. कायद्याला ते मान्य नाही आणि तिथून पडून माणसं दगावतात, हे ठाऊक असूनही वावरातून परतताना दोन्ही बाजूंना दोघे-तिघे बसलेले असतातच. उरलेल्या जागेवर पेंटरनं काढलेलं देवाचं नाव, पोरांची नावं, एखादं फूल किंवा बैलजोडी. ट्रकच्या मागे लोंबणाऱ्या रबरी पट्ट्यांचंही तसंच. वणीकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून कोळसा भरून निघालेल्या ट्रकांच्या मागे पावसाळ्यात गाडी चालवली, की पट्टीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. काळ्या पाण्याचा फवारा तेवढा काचेवर येतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ट्रकांच्या मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच ठशाची नंबरप्लेट येऊ लागली. एमएच २९ हे आकडे वळणदार काढून देणाऱ्या पेंटरच्या ब्रशाखालून एक एक जागा अशी निघून गेली आणि उरलेल्या जागांवर रेडियमवाला आला. मला विचाराल तर चिखलात मळणाऱ्या वस्तूवर इतकं मन लावून चित्र काढणाऱ्या माणसाचं मोठं कौतुक आहे.

मोटारीला मात्र रंगवलेलं मडगार्ड हवंसं वाटतं ते वेगळ्या कारणानं. बहुतेक गाड्यांसाठी कंपनीच्या सुट्या भागांत काळं, साच्यातलं मडगार्ड मिळतं. पांढऱ्या किंवा लाल गाडीला ते चारी कोपऱ्यांत काळ्या ठिगळासारखं दिसतं, अशी तक्रार असते. अंगाच्या रंगाचं लावलं की ते गाडीतच मुरून जातं आणि गाडी थोडी खाली बसल्यासारखी, भरीव दिसते. दुसरी हौस रॅलीची. खडीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांना चाकांमागे मोठाले लाल-निळे पडदे असतात, त्यांची नक्कल आता दुकानांत मिळते. पण तिथे एक फरक लोक विसरतात. रॅलीचे चांगले पडदे पॉलियुरेथेनसारख्या मऊ पदार्थाचे असतात आणि रंग त्या पदार्थातच मिसळलेला असतो. खडा लागून टवका निघाला तरी आत तोच रंग. आपल्याकडे गाडीच्या रंगाशी जुळवून जे होतं, त्यात काळ्या प्लास्टिकवर रंगाचा थर चढवलेला असतो. हा थर, सगळे लेप धरून, मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. त्याखाली काळं प्लास्टिक तसंच्या तसं.

आणि प्लास्टिकवर रंग धरायलाही तयार नसतो. मडगार्डं बहुतेक पॉलिप्रॉपिलिनची असतात. या प्लास्टिकचा पृष्ठभाग इतका निसरडा, की त्यावर साधा रंग मारला तर नखानं सोलून निघतो. त्यामुळे आधी घासून तेलकटपणा काढायचा, मग पकड देणारा खास प्राइमर, मग रंग, मग वरून क्लिअर कोट, आणि प्लास्टिक वाकलं तरी लेप तडकू नये म्हणून त्यात लवचिकपणा आणणारं द्रव्य. गाडीचा पत्रा कारखान्यात दीडशे अंशांच्या आसपास भाजून रंगवलेला असतो. तेवढ्या उष्णतेत प्लास्टिकचा आकार बिघडेल, म्हणून त्याचा रंग साठेक अंशांवर वाळवतात. मग पत्रा आणि मडगार्ड शेजारी शेजारी असूनही दोघांवरचा रंग वेगळ्या जातीचा होतो. साध्या पांढऱ्या रंगात हे फारसं कळत नाही. चंदेरी किंवा मोतिया रंगात मात्र लगेच कळतं, कारण त्यातले चकाकणारे कण कसे झोपतात हे फवारा कसा मारला त्यावर ठरतं. गाडीच्या पाटीवरचा रंगाचा कोड बरोबर देऊनही दुपारच्या उन्हात मडगार्ड एक छटा उजळ दिसतं. मोतिया पांढऱ्याला तर तीन थर लागतात, त्यामुळे पेंटरचा दरही चढतो.

यवतमाळात आर्णी रोडला असो की दारव्हा रोडला, अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात होणारं बोलणं साधारण असं असतं.

“भाऊ, साधे पाहिजे का मॅचिंग?”

“मॅचिंगचे किती होतीन?”

“साधे चार नग पाचशे-सहाशेत बसून जातीन. रंगवून पाहिजे तं पेंटरचे अलग. दोनेक हजार धरून चाला.”

“टिकतीन का पण?”

“गावातच फिरवसान तं टिकतीन. वावरात नेसान तं मी नाई सांगत.”

दुकानदाराचा हा शेवटचा शब्द मला सगळ्या जाहिरातींपेक्षा मोलाचा वाटतो. त्याला माल विकायचा आहे, पण चार महिन्यांनी गिऱ्हाईक भांडायला यावं हेही नको आहे.

आता हिशेब करू. साधा संच पाच-सहाशेचा, रंगवलेला अडीच हजारांच्या घरात. रंग, गाडी आणि पेंटर यांप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतील, पण चौपटी-पाचपटीचं प्रमाण फार बदलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, त्यानं साध्या संचात फार तर पन्नासेक रुपयांचा फरक पडतो. राखण मात्र दोन्ही संचांची सारखीच. खड्याला रंग दिसत नाही. काळं मडगार्ड जेवढा चिखल अडवतं तेवढाच रंगवलेलं अडवतं, वरचे दोन हजार केवळ नजरेचे. नजरेला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. लग्नात घोडीच्या साजावर खर्च करणारी माणसं आपण, चार चाकांमागच्या रंगावर केला तर काय बिघडलं? पण मग तो खर्च हौसेच्या खात्यात मांडावा, राखणीच्या नाही.

राखणीच्या खात्याचा हिशेब वेगळा आहे आणि तिथे मडगार्ड स्वस्तात फार मोठं काम करतं. पुढच्या चाकामागची, दरवाज्याखालची पट्टी खड्यांनी टवकली की आधी रंग जातो, मग पत्रा उघडा पडतो आणि मग गंज धरतो. ती पट्टी किंवा दरवाज्याचा खालचा भाग पुन्हा रंगवायचा तर एकेका भागाचे अडीच-तीन हजार सहज जातात. पाचशेच्या काळ्या संचानं ते वाचतात. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याच्या बाजूनं रोजचं येणं-जाणं असेल तर वाचतात त्याहून जास्त, कारण ओल्या चुन्याचे शिंतोडे रंगावर वाळले की डाग सोडतात.

विम्याचाही मुद्दा आहे. अपघातानंतरच्या दाव्यात प्लास्टिक, नायलॉन आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रंगकामाच्या बिलातही सामानाच्या किमतीवर निम्मा घसारा धरतात. हा घसारा माफ करणारं ‘झिरो डेप’ कवच घेतलं नसेल तर रंगवलेल्या मडगार्डावर ही कात्री दोनदा चालते, एकदा प्लास्टिक म्हणून आणि एकदा रंग म्हणून. शिवाय वरून बसवलेली वस्तू पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिचे पैसे मिळतीलच असं नाही. अडीच हजारांच्या वस्तूसाठी कुणी दावा लावत नाही हे खरं. पण मग तुटल्यावर खर्च पुन्हा सगळा आपलाच.

आणि ती तुटते. लहान गाडीचं पोट जमिनीपासून १६०-१७० मिलिमीटर वर असतं, मडगार्डाचं टोक त्याहूनही खाली येतं. गावच्या वेशीवर हौसेनं घातलेला गतिरोधक, पांदणीतला मधला उंचवटा, वाळलेल्या चाकोऱ्या, सगळ्यांना ते आधी भिडतं. सर्वांत जास्त नग मोडतात रिव्हर्समध्ये. गाडी मागे घेताना चाक एखाद्या धुऱ्यावर चढलं, की मडगार्ड चाक आणि जमीन यांच्यात सापडतं. मऊ रबर वाकून परत जागेवर येतं. टणक प्लास्टिक क्लिपासकट उपटून निघतं. ते रंगवलेलं असेल तर नुसतं वाकलं तरी वळणावर लेप तडकतो, आणि काळ्या भेगेचा पांढऱ्यावर जसा उठाव येतो तसा दुसऱ्या कशानंही येत नाही.

बसवण्यात तर सर्वांत जास्त नुकसान होतं. घाईतला पोरगा ड्रिल लावून चाकावरच्या कमानीच्या पत्र्याला थेट भोकं पाडतो. त्या भोकाची कड उघडा पत्रा असते. मडगार्डाच्या आत चिखल अडकतो, ओल धरून बसतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. बऱ्याच नव्या गाड्यांच्या चाकांवरच्या प्लास्टिक अस्तराला आधीच भोकं असतात, तिथेच स्क्रू बसवायचा. नवं भोक पाडावंच लागलं तर कडेला गंजरोधक रंग लावायला उभं राहून सांगायचं. शेवटी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून टायर घासत नाही ना, ते पाहायचं. टायर आणि मडगार्ड यांच्यात पुरेशी फट हवी. ती नसेल तर मोटारसायकलवाल्यांनी जे मृगात केलं, तेच तुम्हाला पांदणीत करायची पाळी येते.

माझा कौल सांगायचा तर पुढे काळं, मऊ, सहज बदलता येईल असं. मागे हौस असेल तर रंगवलेलं, कारण तिथे खडे आतल्या अंगाला बसतात, बाहेरून दिसत नाहीत. वाचलेल्या पैशांतून दरवाज्याखालच्या पट्टीवर पारदर्शक संरक्षक फिल्म बसवून घ्यावी. लोक खर्च करायला निघतात मडगार्डावर. टवके पडतात त्या पट्टीवर.

दिवाळीच्या सुमारास, पाऊस हटला की, चारी मडगार्डं एकदा उघडून आतून धुवून घ्यायला गॅरेजवाला फार पैसे घेत नाही. जुनी गाडी बघायला येणारा जाणकार मडगार्डाचा रंग जुळतो का हे बघतच नाही. तो खाली वाकून त्याच्या मागे बोट घालतो, आतल्या पत्र्यावरून फिरवतो आणि बोटाला काय लागलं ते बघून भाव बोलायला सुरुवात करतो.