बुडू न देणारा पोशाख

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हाफ मून बे नावाचं छोटं गाव आहे. त्याच्यासमोरच्या समुद्रात मॅव्हरिक्स या ठिकाणी हिवाळी वादळांच्या दिवसांत पंधरा मीटरपेक्षाही उंच लाटा उठतात आणि जगभरचे पट्टीचे सर्फर तिथे जमतात. फेब्रुवारी २०१० मध्ये हवाईचा शेन डोरियन इथेच फळीवरून पडला. कोसळलेल्या लाटेने त्याला खोल दाबून धरलं आणि तो वर पोचायच्या आत पुढची लाट त्याच्यावर आली. सर्फरांना सगळ्यात धास्ती असते ती हीच, एका श्वासावर दोन लाटा काढायच्या. डोरियन कसाबसा वाचला. याच ठिकाणी १९९४ मध्ये मार्क फू आणि २०११ मध्ये सायन मिलोस्की यांना समुद्राने नेलं. दोघेही अव्वल दर्जाचे सर्फर होते.

या प्रसंगानंतर डोरियनने बिलाबाँग कंपनीच्या वेटसूट बनवणाऱ्यांना हाताशी धरलं. विमानातल्या लाईफजॅकेटात जी युक्ती असते ती थेट अंगावरच्या सूटमध्ये बसवायची, असं ठरलं. पाठीकडे घडी घालून ठेवलेली हवाबंद पिशवी, तिला जोडलेलं कार्बन डायऑक्साइडचं छोटं काडतूस आणि हाताला सापडेल अशी ओढायची दोरी. दोरी ओढली की सुई काडतुसाला भोक पाडते, पिशवी क्षणात फुगते आणि माणूस वर येऊ लागतो. २०११ मध्ये हा सूट मोठ्या लाटांवर उतरला. आज त्याच तत्त्वावरची फुगणारी जाकिटं घातल्याशिवाय अशा लाटांवर जाणारा सर्फर विरळाच.

या काडतुसाचं गणित अकरावीच्या रसायनशास्त्रातलं आहे. ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. लाईफजॅकेटात सर्रास असतं ते ३३ ग्रॅमचं काडतूस, म्हणजे झाले जवळपास १८ लिटर. तेवढं पाणी बाजूला सरलं की आर्किमिडीजच्या नियमाने सुमारे १८ किलो वजन उचलेल इतकं प्लावक बल मिळतं. मुठीत मावणाऱ्या वस्तूतून हे बळ निघतं, म्हणूनच ते पोशाखात लपवता येतं. पण खोलीवर त्याची किंमत मोजावी लागते. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे वायू निम्म्या जागेत आक्रसतो आणि बळही निम्मंच उरतं. त्यात फुटलेल्या लाटेचं पाणी फेसाळ असतं. हवा मिसळल्यामुळे त्याची घनता कमी होते, म्हणजे ते वर ढकलतंही कमी. सर्फरला मदतीची सर्वात जास्त गरज असते तिथेच ती सर्वात कमी मिळते. हा दोष काही कारागिरीचा नव्हे, भौतिकशास्त्रच तसं आहे.

आपल्यासारख्यांना मात्र १८ किलो बळाची गरज नसते. माणसाचं शरीर पाण्याहून जड-हलकं होण्याच्या अगदी काठावर असतं. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक जण तरंगतात, पूर्ण सोडला तर बुडू लागतात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, त्यामुळे विहिरीपेक्षा समुद्रात तरंगणं सोपं. अडचण डोक्याची आहे. डोकं साधारण पाच किलोचं असतं आणि ते पाण्याबाहेर काढलं की तेवढ्या वजनाला पाण्याचा आधार उरत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा हिशेब असा की बहुतेक प्रौढांना तोंड पाण्यावर ठेवायला जास्तीचं फक्त सव्वातीन ते साडेपाच किलोंचं बळ पुरतं.

एवढं बळ तर चांगला जाड वेटसूटही देतो. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनचा सूट सुचवला तो पाणबुड्यांना ऊब मिळावी म्हणून. या रबरात लक्षावधी बंद बुडबुडे असतात, उष्णता अडवणारे तेच आणि तरंगवणारेही तेच. अंगभर पाच मिलिमीटर जाडीचा सूट म्हणजे सहा-सात लिटर फेसाळ रबर. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं तरी चार-पाच किलो बळ शिल्लक राहतं. म्हणून तर पाणबुड्यांना खाली जाण्यासाठी कमरेला शिसं बांधावं लागतं.

शर्यतीच्या पोहण्यात याच गुणावर बंदी आहे. २००९ साली रोममधल्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनचे सूट घातलेल्या जलतरणपटूंनी ४३ विश्वविक्रम मोडले. २०१० पासून ते सूट बाद झाले. त्याच काळात आंतरराष्ट्रीय महासंघाने शर्यतीच्या सूटला तरंगवण्याची मर्यादा घातली ती एक न्यूटनची, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅमची. तेवढ्या आधारानेही निकाल फिरू शकतो, असं ज्यांचं आयुष्य पाण्यात गेलं त्यांना वाटलं. मला हा आकडा फार बोलका वाटतो.

म्हणजे बळ किती हवं हे कोडं सुटलेलं आहे. ते कुठे हवं, हा प्रश्न जास्त अवघड. त्याचं उत्तर शोधायला एका डॉक्टरने स्वतःचा जीव पणाला लावला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक समुद्रात पडत. अंगात फुगवलेलं लाईफजॅकेट असूनही काहींचे मृतदेह पाण्यात पालथे तरंगताना सापडत. जॅकेटने त्यांना बुडू दिलं नव्हतं, पण श्वासही घेऊ दिला नव्हता. शुद्धीवरचा माणूस कितीही प्रयत्न केला तरी बेशुद्धासारखा सैल पडत नाही, मान नकळत सावरतोच. त्यामुळे जागेपणी केलेल्या चाचण्या फसव्या ठरत. तेव्हा एडगर पास्क या तरुण भूलतज्ज्ञाने स्वतःला बेशुद्ध करून घेतलं. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी त्याला ईथर दिलं, श्वासनलिकेत नळी घातली आणि स्नायूंतला ताण पूर्ण गेल्यावर त्याला एकेक जॅकेट चढवून तलावात सोडलं. लांब नळीतून भूल चालू, पास्क पाण्याखाली आणि काठावर चित्रीकरण. अनेक जॅकेटं त्याला पालथंच ठेवत होती. हे पुन्हा पुन्हा झालं आणि त्यात त्याच्या फुप्फुसांत पाणीही गेलं. १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, तो गेला. कधीही विमान न चालवलेला हवाई दलातला सर्वात शूर माणूस, अशी त्याची ओळख सांगतात. आज आपण लाईफजॅकेटला गळ्याभोवती जाड कॉलर आणि छातीवर भरपूर फुगवटा पाहतो, त्यामागचं शास्त्र बेशुद्ध पास्कच्या लोंबत्या मानेवरून पक्कं झालं.

ते शास्त्र थोडक्यात असं. वजनाचा मध्य आणि प्लावक बलाचा मध्य हे दोन्ही एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर पाण्यात वळत राहतं. फुगवटा छातीवर असेल तर छाती वर येते आणि माणूस उताणा होतो. तोच फुगवटा पाठीवर असेल तर पाठ वर, तोंड खाली. जहाजांवरच्या लाईफजॅकेटसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी घातलेली मूळ अट म्हणूनच दुहेरी होती. थकलेल्या किंवा बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याच्या किमान १२० मिलिमीटर वर यायला हवं आणि शरीर कसंही पडलं तरी पाच सेकंदांत उताणं व्हायला हवं.

आता आपल्याकडच्या विहिरीवर या. गावोगाव पोरं पाठीला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकली. त्याआधी वाळका भोपळा असे किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड. पाठीवरचा डबा अंग आडवं ठेवतो आणि हातपाय मारायला मोकळे सोडतो, शिकायला याहून उत्तम साधन नाही. पण दोर धरून काठावर बसलेला काका किंवा मामा या साधनाचा अर्धा भाग होता, हे विसरून चालणार नाही. पोर दमलं, घाबरलं, सैल पडलं, तर डबा त्याला तरंगवेल तो पालथाच.

हीच गोष्ट बाजारात मिळणाऱ्या लहान मुलांच्या ‘फ्लोट सूट’ना लागू पडते. पोहण्याच्या रंगीत पोशाखाला पोटाभोवती आणि पाठीवर कप्पे असतात, त्यांत फोमच्या कांड्या. मूल जसजसं शिकेल तसतशा एकेक काढायच्या. कल्पना छान आहे. पण पाठीवरच्या कांड्या छातीइतक्याच किंवा जास्त असतील तर तो सूट विहिरीवरच्या डब्यासारखाच वागणार. बहुतेकांच्या आतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे जीवरक्षक साधन नव्हे. आईवडील ती पट्टी वाचत नाहीत, सूट घातलाय म्हणून निर्धास्त होतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. वापरण्याआधी निदान एवढं करावं: कमरेएवढ्या पाण्यात मुलाला हातावर उताणं धरा, अंग सैल सोडायला सांगा आणि आधार हळूहळू कमी करा. जागं मूल पूर्ण सैल पडत नाही, तरी तोंड वर राहतं की कलंडतं याचा अंदाज दोन मिनिटांत येईल. आणि रंग भडक नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी घ्या. फिकट निळा आणि पांढरा पोशाख तलावाच्या पाण्यात दिसेनासा होतो.

खुद्द डोरियनच्या सूटमध्येही फुगा पाठीवरच होता. पण लाटेखाली गरज होती पृष्ठभागावर पोचण्याची आणि अशा वेळी जेटस्कीवर साथीदार टपून बसलेले असतात. पोहण्याच्या कुठल्याही सुरक्षित पोशाखाची जाहिरात वाचताना मी आधी हेच शोधतो, फुगवटा कुठे आहे आणि वाचवणारा कोण.

तिसरा प्रश्न आहे कधी. बोटीवरची स्वयंचलित जॅकेटं पाण्यात पडली की आपोआप फुगतात. आत दाबून बसवलेली एक गोळी पाण्याने विरघळते, तिने अडवून धरलेली स्प्रिंग सुटते आणि सुई काडतुसात घुसते. पोहण्याचा पोशाख तर पहिल्या क्षणापासून ओलाच. पाण्याच्या दाबावर चालणारी कळ बसवली तरी सूर मारणारा मुलगा आणि बुडणारा मुलगा यांच्यातला फरक तिला कळत नाही. संशोधक खोली आणि वेळ दोन्ही मोजणाऱ्या सेन्सरकडे वळतात ते यामुळे. दोरी माणसानेच ओढायची ठरवलं, तर न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांचं निरीक्षण आडवं येतं. १९७०च्या सुमारास त्यांनी खरोखर बुडत असलेल्यांचं चित्रीकरण अभ्यासलं. असा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याचे हात आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात, तोंड क्षणभर वर येतं आणि पुन्हा आत जातं. वीस ते साठ सेकंदांत सगळं संपतं. तेवढ्या काळात त्याला स्वतःचा हात छातीवरच्या दोरीकडे नेता येत नाही. डोरियनसारखा सर्फर दोरी ओढू शकतो कारण त्याने सराव केलेला असतो आणि धोका येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

आणि मुळात पोहण्याचा पोशाख घालून बुडतो कोण? भारतात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. नदीवर धुणं धुणारी, शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरलेली, सहलीला येऊन पँट-शर्टात समुद्रात शिरलेली अशी ही माणसं. त्यांच्यासाठी पोशाख म्हणजे अंगावर आहे तो.

तो आपल्याला खाली ओढतो, असं आपण समजून चालतो. हिशेब वेगळं सांगतो. सुती धाग्याची घनता पाण्याच्या दीडपट. म्हणजे कोरडी असताना अर्धा किलो भरणारी साडी पाण्याखाली फक्त सुमारे १७० ग्रॅमने खाली खेचते. तिने शोषलेलं पाणी पाण्यात वजनच करत नाही, ते जाणवतं बाहेर निघताना. साडीचा खरा धोका पायांत गुंडाळण्याचा आणि हालचाल अडवण्याचा आहे. उलट ओलं कापड हवा धरून ठेवतं. कोरड्या कापडाच्या विणीतून हवा सहज निघून जाते. कापड भिजलं की प्रत्येक छिद्रावर पाण्याचा पातळ पडदा बसतो आणि पृष्ठताण तो फाटू देत नाही. नदीत डुंबणारी मुलं पंचाचा फुगा करतात तो यामुळेच. अमेरिकी नौदलात खलाशांना पँट काढून, पायांच्या टोकांना गाठी मारून, तीत हवा भरून गळ्यात अडकवायला शिकवतात. मधूनमधून वरून पाणी मारत राहायचं, म्हणजे वीण सुकत नाही.

नेदरलँड्समध्ये पोहण्याची पहिली पदविका मिळवायला मुलांना कपडे आणि बूट घालून पोहून दाखवावं लागतं. जपानमध्ये शाळकरी मुलांना शिकवलं जातं की अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात पडलात तर पोहत सुटू नका, उताणे होऊन मदतीची वाट पाहा. तिथले शिक्षक मुलांना एक गोष्ट बजावून सांगतात, पायातले बूट काढायचे नाहीत. खेळाच्या बुटांच्या तळव्याचा फोम निओप्रीनसारखाच बंद बुडबुड्यांचा असतो. माणसाचे पाय जड, उताणं झाल्यावर आधी तेच खाली जातात आणि मागोमाग अंग उभं होतं. बूट त्यांना वर धरून ठेवतात. काठावरच्या कुणी प्लॅस्टिकची रिकामी बाटली झाकण लावून फेकली तर ती दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. दोन लिटरची असेल तर जवळपास दोन किलोंचं बळ मिळतं, आणि तेही छाती-पोटाच्या बाजूला, म्हणजे तोंड वर राहील असं.