गाईच्या पोटातले गडी

मुलांनो, कडब्याचं वाळकं ताट चघळून पाहिलंय का? कितीही चावा, शेवटी चोथाच उरतो. आपल्या पोटाला तो पचत नाही. गाईच्या पोटालाही तो स्वतःहून पचत नाही, हे सांगितलं तर पुष्कळांना खरं वाटणार नाही. मग नुसत्या कडब्यावर ती जगते कशी? तर तिच्या पोटात कडबा फोडणारे गडी राबत असतात!

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा, तो कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. आत अंधार, ओल आणि सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब. प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथल्या एका मिलिलिटर रसात सुमारे एक हजार कोटी जिवाणू असतात. हवा लागली की यांतले बहुतेक मरतात, त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढवणं अवघड होतं. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी बिनहवेच्या बंद नळीत ते वाढवून दाखवले. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९६६ साली निघाला.

हे सगळे गडी एका जातीचे नसतात. काही कडब्या-गवतातले तंतू फोडतात. ते सावकाश वाढतात. काही पिठाळ पदार्थांवर वाढतात, आणि भराभर वाढतात. आपण गव्हाणीत जे टाकू, त्यावर कोणाची संख्या वाढणार ते ठरतं. तंतू फोडणाऱ्यांच्या कामातून जे आम्ल तयार होतं, त्यापासून दुधातली चरबी बनते. म्हणूनच वैरण कमी आणि भरडा जास्त झाला की डेअरीत फॅट कमी लागते. लोक मात्र म्हशीला दोष देतात!

वैरणीचा आणखी एक उपयोग आहे. ती चावायला वेळ लागतो. गाय दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करते. त्यामुळे भरपूर लाळ सुटते. लाळेत सोड्यासारखा क्षार असतो, त्यानं पोटातला आंबटपणा आवरतो आणि सामू ६ ते ७ च्या आसपास राहतो. कुट्टी अगदी पिठासारखी बारीक केली तर चावणं कमी आणि लाळही कमी.

आता पालकांनी जरूर वाचावं असं. लग्नात, जत्रेत भात, पोळ्या, बुंदी उरते. "वाया कशाला घालवायचं, घाल गाईला" असं म्हणून पाटीभर पुढं ठेवतात. शेळी कधी धान्याचं पोतं फोडून पोटभर खाते. अशा वेळी पिठाळावरचे जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात. दुधाचं दही करताना होतं तसलंच आम्ल, पण फार जास्त तयार होतं. सामू ५ च्या खाली गेला की कडबा फोडणारे गडी मरू लागतात. जनावर रवंथ थांबवतं, वैरणीला तोंड लावत नाही, डावी कूस फुगते, पातळ आंबूस शेण पडतं. मग ते बसतं आणि उठत नाही. एका दिवसात दगावूही शकतं. हे विष नव्हे, की कोणाची दृष्टही नव्हे. उतारा टाकण्यात वेळ न घालवता लगेच गुरांच्या डॉक्टरांना बोलवावं आणि किती, काय, कधी खाल्लं ते नीट सांगावं.

धान्य वा पेंड अजिबात घालू नये असं मात्र नाही. दुभत्या जनावराला ती लागतेच. पण वाढवायची ती थोडी थोडी, दोन-तीन आठवडे घेऊन, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना सवय होते. आधी वैरण, मग भरडा. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास जरूर द्यावा, पण घासच. आणि कार्यात उरलेला भात उकिरड्यावर उघडा टाकू नये, खड्डा करून मातीआड करावा. मोकळी गुरं पहिली तिथंच जातात.